पाझर, थेंब, ठिबक : जुन्या जीपच्या तेलगळतीचा माग

द्रव पदार्थ जागा सोडून बाहेर कसा पडतो, याची मराठीला बारीक जाण आहे. माठ पाझरतो, भिंतीला ओल येते, छप्पर ठिबकतं, बादली गळते आणि फुटक्या नळाला धार लागते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, कानाला लगेच खटकेल. ‘माठ ठिबकतो’ असं कोणी म्हणालं, तर माठाला तडा गेला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. शब्दांची ही उतरंड गॅरेजात फार उपयोगाची आहे. जुन्या गाडीच्या इंजिनातून तेल येतं तेव्हा ते पाझरतं आहे, थेंब धरतं आहे की ठिबकतं आहे, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. पण गाडीमालक गॅरेजात येतो तो एकच वाक्य घेऊन : “इंजिन तेल मारून राह्यलं.”

यवतमाळ जिल्ह्यात आयटीआयच्या मुलांना डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. जिल्ह्यातल्या गॅरेजांत बसून, खड्ड्यात उतरून, मिस्त्र्यांशी बोलून जे समजलं, ते इथे मांडतो आहे. विषय तेलकट आहे खरा. पण त्यामागचा प्रश्न साहित्याच्या वाचकाला परका वाटू नये : जे जिथे दिसतं, ते तिथेच घडलेलं असतं का?

जीप इथे कशी रुळली

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा ऐसपैस जिल्हा. उत्तरेला नेर-बाभुळगाव, दक्षिणेला उमरखेड, पूर्वेला कोळशाच्या खाणींचं वणी आणि मधे काळ्या कापसाच्या जमिनीचा पसारा. मूर्तिजापूरहून यवतमाळला पूर्वी येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ सोडली, तर जिल्ह्याच्या मोठ्या भागाने आगगाडी फारशी पाहिलीच नाही. एसटी जाते तिथे एसटी आणि तिच्या पुढे जीप, असा इथला प्रवास. पावसाळ्यात काळी माती चाकाला गोळ्यांनी चिकटते तेव्हा मऊ गाड्यांचं इथे काम नसतं.

या जीपचं कूळ लष्करी. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी ‘विलीज’ जीप ही तिची आजी. १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने ती भारतात आणून जुळवायला घेतली. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिनं आली. त्यांतलं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेलं २११२ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन विदर्भात घराघरांत ओळखीचं झालं. ‘एमएम ५४०’ म्हणजे हेच इंजिन, असं आजही मिस्त्री सांगतात. या गाड्या आता जुन्या झाल्या. काही शेतात राबतात, काही हौशी लोकांनी चकचकीत करून ठेवल्या आहेत, काहींवर अजून एखाद्या घराची चूल पेटते. तेल या सगळ्याच गाड्या थोडंफार सोडतात.

लष्करी कुळाचा एक फायदा आहे. अमेरिकी लष्कराच्या वाहन-देखभालीच्या पुस्तिकांत गळतीच्या तीन पायऱ्या ठरवलेल्या असतात. पहिली : जागा ओली दिसते किंवा तिचा रंग बदलतो, पण थेंब तयार होत नाही. दुसरी : थेंब तयार होतो, पण खाली पडत नाही. तिसरी : थेंब पडतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर गाडी चालवता येते, फक्त तेलाची पातळी वरचेवर बघायची. तिसरी आली की वरिष्ठाला कळवायचं. वर्गात हे शिकवताना मी पुस्तिकेतले आकडे फळ्यावर लिहीत नसे. पाझर, थेंब, ठिबक एवढे तीन शब्द लिहिले की घाटंजी-झरीकडच्या मुलांना सगळं समजे.

तेलाच्या चार अवस्था

तेल कुठून गळतं हे शोधायचं, तर ते आत कसं फिरतं हे आधी माहीत हवं. इंजिनाच्या तळाशी एक पत्र्याचं किंवा ओतीव भांडं असतं, त्याला आपल्याकडे ‘चेंबर’ म्हणतात. तेल तिथे साठतं. पंप ते वर ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि ब्लॉकमधल्या नळ्यांतून बेअरिंगांकडे दाबाने पाठवतो. त्यातलं थोडं अगदी वर, टॅपेट कव्हरखाली, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवर पडतं आणि तिथून आपल्या वजनाने परत चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे इंजिनात तेल तीन अवस्थांत असतं : खाली साठलेलं, दाबाखालचं आणि उडणारं-ओघळणारं.

या तिन्ही अवस्थांची गळती वेगळी ओळखता येते. साठलेलं तेल इंजिन बंद असतानाही गळतं. रात्रभर गाडी उभी राहिली आणि सकाळी खाली डाग दिसला, तर चेंबरचं पॅकिंग, तेल काढायचा नट किंवा त्याचा वायसर यांच्यावर पहिला संशय. दाबाखालचं तेल इंजिन चालू असतानाच येतं आणि जोरात येतं. गरम इंजिनात हा दाब साधारण ३ ते ४ किलोचा असतो, त्यामुळे फिल्टरची रबरी रिंग किंवा ऑइल प्रेशरचा स्विच फुटला, तर थोड्या वेळात चेंबर रिकामं होऊ शकतं. ओघळणारं तेल टॅपेट कव्हरच्या कडेने येतं, सावकाश येतं आणि जिथून येतं तिथे कधीच थांबत नाही.

चौथी अवस्था तेलाची नाही, हवेची आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली उतरतोच. हा वायू बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनाचं नाकच ते. नाक बंद झालं की आतला दाब वाढतो आणि मग प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग हे तेलाला बाहेर ढकलणारं दार बनतं. जुन्या गाडीत दोन-तीन ठिकाणांहून एकदम तेल यायला लागलं, तर तेवढी सगळी पॅकिंगं एका आठवड्यात म्हातारी झाली असं समजू नये. आधी नाक तपासावं.

एक फरक इथेच सांगायला हवा. तेल ‘गळणं’ आणि तेल ‘खाणं’ हे वेगळे आजार आहेत. तेल कमी होतं, पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर तेल आत जळतं आहे. तिथे पॅकिंग बदलून उपयोग नाही.

आधी धुवा, मग बघा

आमच्या जिल्ह्यात गळती शोधण्याच्या आड सगळ्यात जास्त येते ती धूळ. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कच्च्या रस्त्याची धूळ बोनेटखाली शिरते आणि तेलावर बसून तिचं किटण होतं. या किटणाखाली पाच वर्षांपूर्वीची गळती आणि कालची गळती सारखीच काळी दिसते. म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही, धुण्याचं. थंड इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल मारून ब्रशने किटण सोडवायचं, पुसायचं, मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. अल्टरनेटर आणि हवेच्या फिल्टरचं तोंड आधी प्लॅस्टिकने बांधून घ्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक नाखूश असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ते टळतं. पण न धुतलेल्या इंजिनावर केलेलं निदान हा अंदाजच असतो.

वाळलेल्या इंजिनावर पांढरी भुकटी फुंकायची. टाल्कम पावडर चालते. दिवाळीच्या दिवसांत मी बारीक, पांढरी रांगोळीही वापरलेली पाहिली आहे. मात्र रांगोळी दगडाची असते, तिचे कण हवेच्या फिल्टरच्या तोंडापासून आणि फिरत्या भागांपासून दूर ठेवावे लागतात. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची आणि टॉर्च घेऊन बघायचं. कोरड्या पांढऱ्यावर तेलाची वाट काळ्या रेघेसारखी उमटते. मोठ्या कार्यशाळांत तेलात चमकणारा रंग मिसळून निळ्या दिव्याखाली बघतात. तत्त्व तेच.

आता मुख्य नियम. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून जिथे थेंब लटकलेला दिसतो, तिथून वर आणि पुढे जायचं. ओल्या जागांपैकी सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढची जी जागा, ती उगमाच्या जवळची. नदीचा उगम शोधणारा माणूस प्रवाहाविरुद्ध चालतो, तसंच.

खाली सापडलेला द्रव इंजिन ऑइलच आहे ना, हेही बघावं. उभ्या गाडीखाली रात्री वर्तमानपत्र पसरून चाकांच्या खुणा करून ठेवल्या, की सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळतं. डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल काळंकुट्ट असतं. गिअरचं तेल जाड, त्याला गंधकासारखा उग्र वास. ब्रेक ऑइल पातळ, फिकट आणि रंग खाणारं. कूलंट हिरवं किंवा लालसर, बोटाला गुळगुळीत. डिझेल पातळ, वासाने ओळखू येणारं. इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून ते गळलं, तर ब्लॉकवरचं जुनं किटण विरघळवत खाली येतं आणि हुबेहूब ऑइलची गळती वाटते. निम्मं निदान नाकाने होतं, असं जुने मिस्त्री म्हणतात ते उगीच नाही.

कोंडलेला श्वास

घाटंजी तालुक्यातला एक जीपवाला दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे आला. त्याचा मुलगा माझ्या हाताखाली शिकत होता. गाडी वर्षभर माणसं वाहते आणि हंगामात कापूस जिनिंगला नेते. बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकत होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी ही जागा. तिच्या आत, क्रँकच्या मागच्या टोकाला मोठी सील असते. ती बदलायची, तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं. दोन ठिकाणी त्याला हेच काम सांगितलं होतं.

“सर, गिअरबॉक्स उतरवाले सांगतलं,” तो म्हणाला. “इतले पैसे आता कुठून आणू? कापूस अजून वावरातच हाये.”

पहिली वेचणी व्हायची होती. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कापूस दुसऱ्याच्या गाडीत जाणार आणि वर मजुरीचा खर्च उधारीवर पडणार. सांगितलेलं निदान अशक्य नव्हतं. त्या भोकातून येणारं तेल पुष्कळदा मागच्या सीलचंच असतं. पण इंजिन कोणी धुतलेलं नव्हतं.

मुलाला मी धुवायला लावलं. वाळल्यावर भुकटी टाकून गाडी यवतमाळ रस्त्याने फिरवून आणली. काळी रेघ बेल हाऊसिंगवर सुरू होत नव्हती. ती वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती, ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाऊसिंगच्या सांध्यात शिरत होती आणि आतून फिरून तळाच्या भोकातून बाहेर पडत होती. बाहेर पडायचं दार खाली होतं म्हणून दोष खाली दिसत होता.

मग तेल भरायचं झाकण चालत्या इंजिनावर काढून बघितलं. निरोगी इंजिनात तिथे हलका श्वास जाणवतो. इथे भसाभसा वाफ आली आणि सैल ठेवलेलं झाकण थडथडायला लागलं. याचे अर्थ दोन : रिंगा झिजल्या आहेत किंवा ब्रीदर बंद आहे. दुसरी गोष्ट तपासायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती आधी. नळी सोडवली तर तिच्या खालच्या तोंडात मातीचा टणक गोळा निघाला. पावसाळ्यात रस्ता बंद म्हणून गाडी महिना-दीड महिना उभी होती. तेवढ्यात कुंभारीण माशीने ओल्या मातीचं घर त्या नळीत बांधलं होतं. आडोशाचं, बोटभर रुंदीचं भोक तिला हवंच असतं.

नळी साफ केली, तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. झाकण पुन्हा उघडून बघितलं तेव्हा इंजिन शांत श्वास घेत होतं, म्हणजे रिंगांवरचा संशयही मिटला. गिअरबॉक्स जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी नेली.

यातून ‘मागची सील कधी जात नाही’ असा अर्थ कोणी काढू नये. ती जाते, आणि गेली की गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो. सांगायचं एवढंच की महाग कामाआधी स्वस्त शक्यता संपवाव्यात. माझा क्रम असा : तेलाची पातळी (वरच्या खुणेच्या वर भरलं असेल, तर फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो आणि दाब वाढतो), ब्रीदर, ड्रेन नट व वायसर, फिल्टरची रिंग, प्रेशरचा स्विच, टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, पुढची टायमिंग कव्हरची सील आणि शेवटी मागची सील.

बूच, लाख आणि चामडं

दुरुस्तीत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची वंशावळ मला नेहमी मोहात पाडते. जुन्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बुचाचं असतं. हे बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ती सगळ्यात जास्त निघते आणि एकदा सोलली की पुन्हा सोलायला साधारण नऊ वर्षं थांबावं लागतं. बुचाचा गुण असा की दाबलं तर ते दबतं, पण रबरासारखं कडेने फुगत नाही. दोष असा की वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते वाळतं, आकसतं, टणक होतं. मग गाडीमालक बोल्ट आणखी आवळतो आणि वाळलेलं बूच फुटतं.

आवळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गळती वाढवणारा सगळ्यात मोठा हात हाच. या कव्हरांचे बोल्ट लहान असतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला एक किलो-मीटरहूनही कमी पीळ पुरतो. तो मनगटाचा जोर आहे, खांद्याचा नाही. जास्त आवळलं की पत्र्याची कड भोकाजवळ वर उचलली जाते आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. नवं पॅकिंग घालण्याआधी कव्हर किंवा चेंबर काढून सरळ फळीवर ठेवून बघावं, उचललेल्या कडा लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने बसवाव्यात. बोल्ट मधून सुरू करून आलटूनपालटून कडेकडे न्यावेत आणि दोन फेऱ्यांत आवळावेत.

पॅकिंगला लावायचा चिकट पदार्थ पूर्वी शेलॅक असे. शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक किडा ती तयार करतो आणि विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलांत लोक ती गोळा करतात. पळसाच्या फांदीवरची लाख शेवटी पळसाच्याच मुलखात धावणाऱ्या इंजिनाच्या सांध्यात बसे, ही गोष्ट आमच्या मुलांना फार आवडे. आता तिची जागा नळीतल्या सिलिकॉनने घेतली. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि नीट वापरलं तर उत्तम काम देतं. पण ‘जास्त लावलं की जास्त टिकेल’ हा समज घातक आहे. सांध्याच्या आतल्या बाजूला दबून आलेला सिलिकॉनचा दोरा तुटून चेंबरमध्ये पडतो, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि बेअरिंगांचं तेल अडवतो. गळती थांबवायला लावलेली गोष्ट इंजिन जाम करू शकते. डाळीच्या दाण्याएवढ्या जाडीची एकच सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, एवढं पुरे.

ड्रेन नटचा तांब्याचा वायसर हा आणखी एक शिकण्यासारखा तुकडा. वारंवार दाबून तांबं कडक होतं आणि मग सांधा भरत नाही. जुने मिस्त्री तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतात. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊ होतं. नवा वायसर मिळत असेल तर नवाच घालावा. नसेल तर ही युक्ती पक्की आहे.

फिरणाऱ्या दांड्याभोवतीची सील मात्र पॅकिंगहून वेगळी. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्याला घट्ट आवळून चालत नाही. पूर्वी अनेक इंजिनांत तेलात भिजवलेली विणलेली दोरी बसवत. १९३०च्या सुमारास जर्मनीतल्या वाइनहाइम गावी, मुळात कातडी कमावणाऱ्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीने चामड्याच्या ओठाची सील बाजारात आणली. पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. या सीलचा पातळ ओठ दांड्यावर टेकतो, मागून एक बारीक गोल स्प्रिंग त्याला धरून ठेवते आणि ओठ व दांडा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा तेलाचा थर राहतो. सील पूर्ण कोरडी असेल तर ती जळून जाईल. म्हणजे तेल अडवणारी वस्तू थोड्या तेलावरच जगते.

म्हणूनच नवी सील बसवताना तिच्या ओठाला तेल लावतात, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवतात आणि दांड्यावर नखाने चाचपून बघतात. जुन्या दांड्यावर ओठाच्या घर्षणाने बारीक चर पडलेली असते. नखाला ती लागली तर नवी सीलही गळणार. मग सील एखाद-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागी आणायचा, किंवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवायची.

बाटलीतून तेलात ओतायची ‘गळती बंद’ औषधंही मिळतात. त्यातली बरीचशी कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतात आणि मऊ करतात. रबर नुसतं कडक झालं असेल तर काही दिवस फरक पडतो. फाटलेला ओठ, फुटलेलं बूच किंवा बंद ब्रीदर यांवर त्यांचा इलाज नाही.

कोणती गळती सोसावी

प्रत्येक पाझर थांबवायलाच हवा का? वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनाबाबत मी ‘नाही’ असं उत्तर देतो, पण हिशेब मांडून. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर तेल असतं. चालत्या गाडीत दर दहा सेकंदांनी एक थेंब पडला, तर तासाला ३६० थेंब म्हणजे १८ मिलिलिटर. दिवसाला दहा तास धावणाऱ्या गाडीतून १८० मिलिलिटर. पाच-सहा दिवसांत एक लिटर जातं आणि अनेक इंजिनांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर असतं तेही साधारण एक लिटरचंच. म्हणजे ‘एखादाच थेंब पडतो जी’ असं म्हणणारा प्रवासी गाडीवाला आठवड्यातून एकदाही डिपस्टिक बघत नसेल, तर तो इंजिनाच्या जिवावर खेळतो आहे. नुसत्या पाझरणाऱ्या इंजिनात हाच फरक महिनोन्‌महिने पडत नाही.

प्रमाणाइतकंच तेल कशावर पडतं तेही बघावं. जमिनीवर पडणारा थेंब नुकसान करतो, पण वेळ देतो. क्लच प्लेटवर पोचलेलं तेल घाटात भरल्या गाडीला दगा देतं. रबरी होज आणि पट्ट्यांवरचं तेल त्यांना फुगवून कुजवतं. आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकणारं तेल एक दिवसही चालवून घेऊ नये. कापूस वाहणाऱ्या गाडीत तर मुळीच नाही. जिनिंगच्या फाटकावर आग विझवायच्या वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत; सुट्या कापसाला ठिणगी पुरते. त्या गळतीपुढे पैसे नाहीत हे कारण टिकत नाही. गाडी उभी करावी, किमान कापूस तरी भरू नये.

शेवटी, काढलेल्या तेलाचं काय? बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचं वंगण घालायचे तेव्हा ते गळून मातीत जाणं हे त्याचं प्राक्तनच होतं आणि मातीने ते पचवलंही. इंजिनातलं वापरलेलं काळं तेल तसं नाही. त्यात जळलेल्या इंधनाचे अंश आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. एका इंजिनातून निघालेलं तेल दहा लाख गॅलन पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्याकडे २०१६च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. ज्या जिल्ह्यात उन्हाळी विहिरी तळ गाठतात, तिथे गॅरेजमागच्या नाल्यात ओतलेला डबा कोणाच्या घागरीत उतरेल ते सांगता येत नाही. झाकणाच्या ड्रममध्ये ते साठवणं आणि चार गॅरेजांनी मिळून गोळा करणाऱ्याला बोलावणं, एवढं जमण्यासारखं आहे.

आमच्या मुलांना निरोप देताना मी त्यांच्याकडून एकच सवय मागत असे. गाडी समोर आली की पहिला प्रश्न ‘काय बदलायचं?’ हा नसावा. पहिला प्रश्न असावा, ‘हे तेल सगळ्यात वर कुठे ओलं आहे?’ या प्रश्नाला एक फडकं, वाटीभर भुकटी आणि तासाभराचा धीर एवढंच भांडवल लागतं. पेठेत नव्या गाड्यांसाठी संगणक जोडून दोष वाचणारी यंत्रं आली आहेत आणि ती यायलाच हवीत. पण तेल गळतं तिथे त्या पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. तिथे अजूनही माणसाला गाडीखाली पाठ टेकून वर बघावं लागतं.